माणसांच्या खात्यातून अध्यक्षपदाकडे

सरकारी बँकेत ‘पर्सोनेल’ म्हटले की कर्मचाऱ्याला तीन कागद आठवतात : बदलीचा हुकूम, बढतीची यादी आणि आरोपपत्र. या खात्यात उमेदीची वर्षे घालवलेला अधिकारी बँकेचा अध्यक्ष झाल्याचे उदाहरण आपल्याकडे दुर्मीळ. डॉ. अनिल खंडेलवाल हे त्यातले ठळक नाव.

बँक ऑफ बडोदाची स्थापना महाराज सयाजीराव गायकवाड यांनी २० जुलै १९०८ रोजी केली. १९६९ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. याच बँकेत खंडेलवालांनी औद्योगिक संबंध आणि मनुष्यबळ विकासाचे काम केले; अहमदाबादच्या स्टाफ कॉलेजचे ते प्राचार्यही होते. पुढे देना बँकेचे अध्यक्षपद सांभाळून ते २००५ मध्ये बँक ऑफ बडोदाचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून परतले.

तो काळ सरकारी बँकांना कठीण होता. नव्या खासगी बँकांनी शहरी ग्राहक ओढायला सुरुवात केली होती. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. त्यानंतर बराच काळ नवी भरती जवळपास थांबली. अनुभवी हात गेले, तरुण आले नाहीत आणि मागे राहिलेल्यांवर कामाचा बोजा वाढला.

जून २००५ मध्ये बँकेचे नवे बोधचिन्ह आले, राहुल द्रविड जाहिरातींत झळकला. लोकांना दिसला तो हा बदल. खरी कसोटी शाखेच्या काउंटरवर होती. सकाळी आठ ते रात्री आठ शाखा उघडी ठेवायची, तर दोन पाळ्या लावाव्या लागतात. बँक कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती १९६६ पासून द्विपक्षीय करारांनी ठरत आल्या आहेत. त्यामुळे नुसते परिपत्रक काढून हे होणारे नव्हते. माणसांना विश्वासात घ्यावे लागले. बारा तास चालणाऱ्या शाखा सुरू झाल्या, काही ठिकाणी तर चोवीस तास माणसांकडून सेवा मिळू लागली.

आतल्या बाजूचा ‘संपर्क’ हा उपक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. एरवी शाखेतल्या कर्मचाऱ्याची तक्रार शाखाधिकारी, क्षेत्रीय कार्यालय, विभागीय कार्यालय अशा पायऱ्या चढत जाते आणि अनेकदा मधल्याच एखाद्या टेबलावर अडकते. ‘संपर्क’मुळे ती थेट अध्यक्षांपर्यंत जाऊ लागली. होतकरू अधिकारी हेरण्यासाठी ‘खोज’ आणि समुपदेशनासाठी ‘परामर्श’ हे उपक्रमही सुरू झाले. वरिष्ठांच्या सकाळच्या बैठकीत अडचणींवर तिथल्या तिथे निर्णय होऊ लागले. मार्च २००५ मध्ये सुमारे सव्वा लाख कोटी रुपयांचा असलेला बँकेचा व्यवसाय मार्च २००८ मध्ये अडीच लाख कोटींच्या पुढे गेला. तेव्हा बाजारातही तेजी होती, हे विसरून चालणार नाही. पण मरगळलेल्या संस्थेला तेजीचाही लाभ उठवता येत नाही.

खंडेलवालांच्या निवृत्तीनंतर अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांच्या मनुष्यबळाचा अभ्यास करण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१० मध्ये तिने १०५ शिफारशी केल्या. पाच वर्षांत सुमारे ८० टक्के महाव्यवस्थापक निवृत्त होतील, हा तिचा इशारा होता. पुढची फळी घडवणे, कामगिरीशी जोडलेला मोबदला, बढतीच्या वाटा मोकळ्या करणे यांवर तिचा भर होता. बँक कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. ऑगस्ट २०१२ च्या दोन दिवसांच्या संपाचे एक कारण याच शिफारशी होत्या. बाहेरच्या कंत्राटदारांकडे काम जाईल आणि सामुदायिक वाटाघाटींचे बळ घटेल, ही त्यांची भीती रास्त होती. परंतु नेतृत्वाची पोकळी भरण्याचा प्रश्न संपाने सुटणारा नव्हता. २०१६ मध्ये सरकारने बँक्स बोर्ड ब्यूरो स्थापन केला, तेव्हा उच्चपदस्थांच्या निवडीसाठीच्या या मंडळावर खंडेलवाल सदस्य होते.

१ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. अशा विलीनीकरणात ताळेबंद एका तारखेला जुळतात. तीन बँकांच्या सेवाज्येष्ठता, सवयी आणि अस्मिता जुळायला वर्षे लागतात. म्हणून सरकारी बँकांच्या संचालक मंडळांना आग्रहाने सांगावेसे वाटते : थकीत कर्जांचा आढावा जितक्या बारकाईने घेता, तितक्याच बारकाईने भरती, बदल्या, बढत्या आणि प्रशिक्षणाचा घ्या. मनुष्यबळाचे खाते कर्तबगार अधिकाऱ्यांच्या हाती द्या आणि त्यांच्यासाठी अध्यक्षपदापर्यंतची वाट खुली ठेवा.