वय झालं, म्हणून काय झालं?

लागणीचा ऊस तुटून गेला की खोडव्याकडे बघण्याची आपली एक ठरलेली नजर असते. ‘खोडवाच तो, येईल तेवढा येईल,’ असे म्हणायचे आणि पाणी-खत हात राखून द्यायचे. मग टनेज घटले की दोष खोडव्याचा! ज्या सभासदांनी पाचट न जाळता सरीत ठेवले, बुडखे जमिनीलगत छाटले, नांग्या भरल्या आणि पहारीने मुळाशी खत दिले, त्यांच्या खोडव्याने लागणीच्या तोडीचे वजन दिल्याचे आपण काट्यावर पाहिले आहे. म्हणजे खोट पिकात नव्हती, आपल्या नजरेत होती.

आज हे आठवायचे कारण ऊस नव्हे, घरातली म्हातारी माणसे आहेत; आणि त्यातही आपल्या आया-बाया. पन्नाशी उलटली, सून घरात आली की बाई स्वतःच म्हणू लागते, ‘आता माझं काय राहिलंय!’ घरचेही मायेपोटी म्हणतात, ‘आई, तू बस गं. तुझं वय झालं.’ बाई बसते. आणि एकदा बसली की पुढे तिला उठणे जड होत जाते. खोडव्याकडे पाहण्याची तीच नजर आपण माणसाला लावतो.

या नजरेला उत्तर देणाऱ्या एका म्हातारीची हकिकत आम्ही सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत. ती आपल्या भागातली नाही, पंजाबातली आहे. पण वाचताना तुम्हाला घरच्याच कुणाची तरी आठवण येईल, अशी आमची खात्री आहे.

तिचे नाव मान कौर. जन्म १९१६ सालचा, पतियाळाचा. आई लहानपणीच गेली, आजी-आजोबांनी वाढवले. पुढे पतियाळाच्या राजघराण्यात मुले सांभाळण्याचे काम केले. लग्न, मुलेबाळे, संसार, म्हातारपण, सारे चारचौघींसारखेच. खेळाचे मैदान हा तिच्या आयुष्यातला विषयच नव्हता. नव्वदी ओलांडून ९३ वे वर्ष लागेपर्यंत ती कधी शर्यतीत धावली नव्हती.

तिचा मुलगा गुरुदेवसिंग हा स्वतः वयस्कांच्या स्पर्धांत भाग घेणारा. वयस्कांच्या म्हणजे ‘मास्टर्स’ स्पर्धा. यात पाच-पाच वर्षांचे गट पाडतात आणि साठीचा साठीवाल्याशी, ऐंशीचा ऐंशीवाल्याशी खेळतो. आईला हृदयाचा त्रास नाही, गुडघे ठणठणीत आहेत, हे पाहून या मुलाने तिला मैदानावर उतरवले. आपल्याकडे साठ-सत्तरीतला मुलगा नव्वदीच्या आईला काय म्हणेल? ‘घरात बस, पडशील.’ याने म्हटले, धावून बघ. साऱ्या हकिकतीचा उगम या एका शब्दात आहे.

म्हातारी धावू लागली. आधी थोडे, मग थोडे अधिक; लहान-मोठी अंतरे आलटून-पालटून. जोडीला गोळाफेक आणि भालाफेकही शिकली. खाण्यात मोड आणलेल्या गव्हाची रोटी, कडधान्ये, दुधाचे आंबवलेले पदार्थ असे साधेच अन्न. २०११ साली अमेरिकेत सॅक्रामेंटो येथे झालेल्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्णपदक मिळवले. तेव्हा तिचे वय होते ९५.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे अशाच स्पर्धा झाल्या. मान कौर तेव्हा शंभरी पुरी करून बसली होती. १०० मीटर अंतर तिने १ मिनिट २१ सेकंदांत कापले. पुढे आठ महिन्यांनी, एप्रिल २०१७ मध्ये, न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे जागतिक मास्टर्स गेम्स भरल्या. तेथे तेच १०० मीटर अंतर तिने १ मिनिट १४ सेकंदांत पार केले. वय एका वर्षाने वाढले होते आणि वेळ सात सेकंदांनी उतरली होती! अंतिम रेषा ओलांडल्यावर ही १०१ वर्षांची बाई आनंदाने नाचली.

कुणी चेष्टेखोर म्हणेल, ‘अहो, यात काय मोठंसं? तिच्या गटात दुसरी होती कोण?’ बरोबर आहे. ऑकलंडला शंभरीपुढच्या गटात ती एकटीच होती. पळत गेली असती काय, चालत गेली असती काय, सोने तिचेच होते. वेगाचा हिशेब केला तरी ताशी पाच किलोमीटरच्या आतच भरतो. आपला एखादा धडधाकट गडी बाजाराला निघाला की एवढ्या वेगाने सहज चालतो.

पण आम्हाला नेमके हेच मोठे वाटते. सोने खिशात आहे हे ठाऊक असताना माणूस जिवाच्या करारावर का धावेल? शेजारी हरवायला कुणी नाही, मागून गाठणारे कुणी नाही. समोर होती ती आठ महिन्यांपूर्वीची मान कौर आणि तिचे १ मिनिट २१ सेकंद. शर्यत तिच्याशी होती. चांगला शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावर उभा राहून त्याचा ऊस मोजीत बसत नाही. तो आपल्याच प्लॉटच्या गेल्या वर्षीच्या पावत्या काढतो आणि म्हणतो, गेल्या साली एकरी इतके टन निघाले, यंदा दोन टन वर काढायचे. तसेच हे.

त्याच २०१७ साली जुलैमध्ये अमेरिकेत ज्युलिया हॉकिन्स नावाची १०१ वर्षांची निवृत्त शिक्षिका हेच अंतर सुमारे ४० सेकंदांत धावली. तीही वयाची शंभरी भरल्यावर धावायला लागलेली. म्हणजे जगातला पहिला नंबर म्हणाल तर तो मान कौरकडे राहिला नाही. त्यामुळे तिचे सात सेकंद कमी झाले का? मुळीच नाही. ते तिने कमावलेले होते. आणि या हॉकिन्सबाईंचेही पाहा. २०२१ मध्ये त्या १०५ व्या वर्षी पुन्हा १०० मीटर धावल्या. या वेळी १ मिनिट आणि जवळजवळ ३ सेकंद लागले. त्या वयाच्या गटात नोंद होणारी जगातली पहिली बाई म्हणून टाळ्या पडल्या; पण बाईंच्या मनाला रुखरुख ही, की आपल्याला मिनिटाच्या आत यायचे होते! १०५ व्या वर्षी तीन सेकंदांची रुखरुख लागणे याला आम्ही म्हातारपण म्हणणार नाही.

हे सारे छान आहे, पण आपल्या वाडी-वस्तीवरच्या बाईला त्याचे काय, असा प्रश्न रास्त आहे. तिला काही न्यूझीलंडला जायचे नाही. तिला जायचे आहे न्हाणीपर्यंत, गोठ्यापर्यंत, देवळापर्यंत. आणि तेही कुणाचा हात न धरता. खरा प्रश्न तिथेच आहे. ओल्या फरशीवर पाय सटकतो, खुब्याचे हाड मोडते, आणि कालपर्यंत भाकरी थापणारी आई खाटेला खिळते. ऑपरेशनचा खर्च येतो, सुनेची मजुरी बुडते. पण सगळ्यांत वाईट हे, की अशी खाटेला खिळलेली बाई कित्येकदा पुन्हा पहिल्यासारखी उठत नाही. असे घर आठवायला तुम्हाला लांब जावे लागणार नाही.

शरीराचा नियम असा आहे, की चाळिशीच्या आसपासपासून स्नायू हळूहळू झडू लागतात आणि साठीनंतर ही झीज वाढते. त्यातही जे तंतू चपळाईचे काम करतात ते आधी कमी होतात. ओझे धरण्याची ताकद बरीच टिकते, पण पाय सटकल्यावर झटकन दुसरा पाय पुढे टाकून सावरण्याची चपळाई आधी जाते. म्हणून म्हातारे माणूस पडते. ‘जन्मभर शेतात राबलेय, मला कशाला व्यायाम?’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. राबणे थांबले की कमावलेली ताकदही थांबत नाही, ती ओसरू लागते.

पण दुसरा नियम आशेचा आहे. जो स्नायू झडतो तो कामाला लावला की कोणत्याही वयात थोडाबहुत परत येतो. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला गेला. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहूनही अधिक झाली. नव्वदीत हे होते, तर पंचावन्न-साठीच्या बाईने ‘माझं काय राहिलंय’ म्हणावे कशाला? मान कौरचे सात सेकंद हा काही चमत्कार नव्हता. जमिनीत ओल होती, मशागत उशिरा का होईना पण झाली, आणि पीक आले.

मग आपण काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे सुचवतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि बसायचे. पाच वेळा जमले तर पाच, पुढे दहा. रोज सपाट रस्त्यावर चालायचे आणि चालता चालता विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झपाझप जायचे, मग पुन्हा सावकाश. ज्यांना छातीत दुखते, धाप लागते, चक्कर येते, रक्तदाब किंवा साखरेचा विकार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. मान कौरच्या मुलानेही हृदय आणि गुडघे नीट आहेत हे पाहूनच आईला धावायला लावले होते, हे विसरू नका.

आणि एक गोष्ट पुरुष सभासदांसाठी. आपल्या घरात बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेले खाते. डाळ, उसळ, दूध, अंडी सगळ्यांच्या ताटात पडून मग तिच्या ताटात कालवणाचा रस्सा येतो. खत न घालता खोडव्याकडून टनेज मागणे जसे, तसे हे आहे. स्नायू हवेवर वाढत नाहीत. तिच्या ताटात आधी वाढा.

कारखान्याच्या कार्यस्थळावर २६ जानेवारीला झेंडावंदन होते, मुलांच्या शर्यती होतात, बक्षिसे वाटली जातात. तेव्हा आया-बाया कडेला पदर सावरून बसलेल्या असतात. आमची सूचना अशी, की त्या दिवशी पन्नाशीपुढच्या महिलांसाठी एक १०० मीटरची शर्यत ठेवावी. धावायचे तिने धावावे, चालायचे तिने चालावे. पहिला-दुसरा नंबर काढूच नये. प्रत्येकीची वेळ तेवढी एका वहीत तिच्या नावापुढे लिहावी. पहिल्या वर्षी चार जणी येतील, त्याही लाजत, तोंडाला पदर लावून. कडेला बसलेली पोरे हसतील. हसू द्यावीत. खोडव्यात पाचट ठेवणाऱ्या पहिल्या शेतकऱ्यालाही लोक हसलेच होते.

मान कौर ३१ जुलै २०२१ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी गेली. त्याच्या आदल्या वर्षी, ८ मार्च २०२० रोजी, राष्ट्रपतींच्या हस्ते तिला नारीशक्ती पुरस्कार मिळाला होता. ९३ व्या वर्षी ती ‘माझं वय झालं’ म्हणून बसली असती तर कुणी तिला नावे ठेवली नसती. आणि धावण्यात गेलेली ती बारा वर्षे तिच्या वाट्याला आलीच नसती.

शर्यतीचे मनावर घेणे न घेणे कार्यकारी मंडळाकडे आहे. पण वहीसाठी कुणाच्या ठरावाची गरज नाही. उसाच्या पावत्या आपण पिशवीत जपून ठेवतो. तशीच एक वही घरात ठेवा. आई खुर्चीवरून आज किती वेळा उठली ते तारखेसह लिहा. पुढच्या हंगामाला पट्टा पडेल तेव्हा ती वही काढून बघा. आकडा एकाने जरी वाढलेला असला, तरी घरात पेढे वाटायला हरकत नाही.