अब्बांची स्कूटर भंगारात देण्याआधी: इटालियन गाडीची घरच्या घरी देखभाल

चेतक, बजाज सुपर, एलएमएल व्हेस्पा, लॅम्ब्रेटा. आपल्या मोहल्ल्यांत या गाड्यांनी दोन पिढ्या ओढल्या. पुढे उभा मुलगा, मागे अम्मी, मांडीवर धाकटी आणि हँडलला भाजीची पिशवी, हे दृश्य कुणाला आठवत नाही? आज त्यातल्या बऱ्याच गाड्या जिन्याखाली धूळ खात पडल्यात. भंगारवाला येतो, किलोवर भाव करतो. घरातली तरुण पोरं मोबाइलवर रील बघून म्हणतात, कापून-कुपून मस्त कस्टम करू.

आमचं म्हणणं एवढंच, की या दोन्ही गोष्टींच्या आधी जरा थांबा. ही गाडी घरच्या माणसाला उघडता यावी म्हणूनच बनवलेली आहे. मात्र क्रम पाळायला हवा. आधी चालू, मग सुरक्षित, आणि सर्वांत शेवटी सुंदर.

इटलीची गाडी मोहल्ल्यात आली कशी

दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ या विमानं बनवणाऱ्या इटालियन कंपनीला नवा धंदा हवा होता. कोराडिनो डास्कानियो या विमान अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा तयार केली. त्याला मोटारसायकल आवडत नसे. कपडे तेलकट होतात, साखळी घाण होते, पंक्चर झालं की चाक काढताना हाल होतात. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, साखळी काढून टाकली, गिअर हँडलवर आणला आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. लगेच १९४७ मध्ये मिलानच्या इन्नोचेंटी कंपनीने लॅम्ब्रेटा आणली.

भारतात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९५०च्या दशकात लॅम्ब्रेटाची जोडणी सुरू केली. बजाज ऑटोने १९६०च्या सुमारास पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच साच्यावरची चेतक बाजारात आली. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. पुढे कानपूरच्या एलएमएलने पियाजिओसोबत व्हेस्पा काढली. इटलीत लॅम्ब्रेटा बंद पडल्यावर तिची यंत्रसामग्री सरकारी स्कूटर्स इंडियाने घेतली आणि लखनौहून विजय सुपर आली. म्हणजे नाव कुठलंही असो, आतलं डोकं इटलीचंच. आजची इलेक्ट्रिक चेतक मात्र वेगळी. आपण बोलतोय ते जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल.

पत्रा हाच सांगाडा

एक गोष्ट आधी समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोटारसायकलला लोखंडी फ्रेम असते. टाकी, सीट, मडगार्ड काढलं तरी फ्रेम शाबूत राहते. लॅम्ब्रेटालाही आत पाइपची फ्रेम आहे. व्हेस्पा आणि चेतकला तशी वेगळी फ्रेमच नाही. पुढची ढाल, पायाखालचा पत्रा आणि मागचा फुगीर भाग मिळूनच गाडीचा सांगाडा होतो.

म्हणून चेतकच्या फ्लोअरला लागलेला गंज दिसायला वाईट एवढ्यावर थांबत नाही, तो हाडाला लागलेला असतो. रबरी मॅट उचलून बघा. पाणी तिच्याखाली साचतं आणि आपल्याला वरून काही कळत नाही. कोकणात, मुंबईत चार महिने पाऊस खाल्लेल्या गाडीत तर हमखास. स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने फ्लोअर, मागच्या ब्रेकच्या पेडलजवळचा भाग आणि स्टँडची जागा ठोकून पाहा. आवाज ठणठणीत आला तर ठीक. भुसभुशीत आला किंवा पत्रा दबला, तर वरून लांबी लावून रंग मारणं म्हणजे धोका झाकणं. सडलेला तुकडा काढून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्यावा लागतो आणि ते काम जाणत्या मिस्त्रीचंच.

वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी सुरू करताना

पहिली चूक लोक हीच करतात, की नवं पेट्रोल ओतायचं आणि किक मारत सुटायचं. असं करू नका.

आधी टाकी पूर्ण रिकामी करा. आत टॉर्च मारून गंज बघा. लाल भुकटी दिसली तर टाकी साफ करून घ्या. पेट्रोलची रबरी नळी न बघता बदला. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवलेली बरी.

मग प्लग काढा. भोकात टू-टी ऑइलचे चार-सहा थेंब सोडा आणि किक हाताने हळूहळू दाबा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, पिस्टन धरलेला असू शकतो, उस्तादाला दाखवा. मोकळं फिरलं तर प्लगचा स्पार्क तपासा, पण प्लग भोकापासून लांब धरून, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. हे सगळं काम उघड्यावर करा, मुलं लांब आणि बिडी-सिगारेट त्याहून लांब. बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नका. तो धूर जीव घेतो.

त्यानंतर कार्ब्युरेटर. तो खोलून पेट्रोलने धुवा, जेटमध्ये हवा मारा. जेटच्या भोकात लोखंडी तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडीचं गणित बिघडतं. स्कूटर तिरकी करून किक मारायची सवय आपल्याकडे घरोघरी होती. तिरकी केली की पेट्रोल सरकतं आणि गाडी उठते, हे खरं. पण रोज तिरकी करावी लागते, याचा अर्थ पेट्रोल नीट पोचत नाही, आणि बहुतेक वेळा कचरा कार्ब्युरेटरमध्येच सापडतो.

दर महिन्याची, दर मोसमाची कामं

हत्यारं फार लागत नाहीत. ८ ते १४ नंबरचे पाने, प्लगचा पाना, दोन स्क्रू-ड्रायव्हर, फीलर गेज आणि हवेचं प्रेशर मोजायचं गेज. एवढ्यावर घरचं निम्म्याहून जास्त काम होतं.

तेल: टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. चेतकच्या जातीच्या गाड्यांना साधारण लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे २ टक्के. अंदाजाने ओतू नका, मापाने घाला. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर धूर आणि कार्बन.

गिअर ऑइल: हे वेगळं तेल, साधारण २५० मिलिलिटर, एसएई ३० नंबरचं. इंजिन कोमट असताना खालचा बोल्ट खोलून जुनं काढा, बाजूच्या भोकातून नवं भरा. जुन्या तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा गाडी एकाएकी पांढरा धूर ओकत असेल आणि गिअर ऑइल कमी होत असेल, तर इंजिनातलं ऑइल सील गेलंय असं समजा.

प्लग: त्याचा रंग म्हणजे इंजिनाची नाडी. चहासारखा तपकिरी असेल तर उत्तम. काळा-तेलकट असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापतंय, लगेच कारण शोधा. गॅप ०.६ मिलिमीटर ठेवा. जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांत पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.५ मिलिमीटर.

कार्बन: गाडीचा पिकअप गेला, चढाला दम लागतो, तर सायलेन्सर चोंदला का ते आधी बघा. हेड आणि पिस्टनवरचा कार्बन लाकडी किंवा मऊ पट्टीने खरवडा, छिन्नीने नाही.

पेट्रोलचा कॉक: गाडी उभी केली की बंद करा. फुकटची सवय आहे, पण पेट्रोल गळून इंजिनात उतरायचं थांबतं.

जिथे चूक परवडत नाही: चाक आणि ब्रेक

या गाड्यांची रिम दोन अर्ध्या ताटल्या जोडून बनते. चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि दोन ताटल्या जोडणारे वेगळे. ट्यूबमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ताटल्या जोडणाऱ्या नटांना हात लावू नका. हवा भरलेली असताना रिम उघडली तर ती उसळून तोंडावर येते. घरच्या कामातला हा सर्वांत मोठा धोका.

हवा साधारण पुढे १८, मागे एकट्यासाठी २५ आणि मागे माणूस असेल तर ३६ पीएसआय. टायर वरून चांगला दिसला तरी बाजूला भेगा पडल्या असतील तर बदला. रबर वयाने मरतं. स्टेपनीचंही तेच.

ब्रेक शू उघडले की आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या. ब्रेक, क्लच आणि गिअरच्या तारा एकदा सगळ्या नव्या टाका. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी सुटे भाग अजून मिळतात. साइड कव्हर, हँडल, दिवे जुने चालतील. तारा, टायर, ब्रेक शू आणि रबर नेहमी नवंच घ्या. जुनं इंजिन घेताना नंबर खोडलेला नाही ना, ते बघा आणि बिल मागा. चोरीच्या मालाची झंझट नको.

सजवा, पण परत फिरता येईल असं

आता कस्टमचा विषय. आमची कसोटी सोपी आहे: उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल का? नवी सीट, कॅरिअर, आरसे, मॅट, हॉर्न, जुन्या वळणाचा रंग हे सगळं परत फिरवता येतं. एलईडी दिवा लावताना गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची, ते आधी बघा.

ढाल कापणं, मागचा पत्रा कापून गाडी आखूड करणं हे मात्र परत येत नाही. वर सांगितलं तसं, तिथे तुम्ही सांगाडाच कापता. सिलिंडरवरचं हवेचं काउल इंजिन दिसावं म्हणून काढणारेही असतात. पंख्याची हवा त्या काउलमुळेच सिलिंडरवर जाते. ते काढलं की इंजिन तापून बसतं.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलता येतो, पण आरटीओत नोंद करावी लागते.

शिवाय २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. १९७० च्या आसपासची व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा आज त्या वयाची आहे. कापलेल्या गाडीला तो मान मिळत नाही. मात्र व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

कागद नीट, तर गाडी आपली

दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. त्यासाठी गाडीची तपासणी, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर हे सगळं आलं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीलाही आता सुरक्षित नंबर प्लेट बसवावी लागते. शायरी लिहिलेली प्लेट चालत नाही.

गाडी मरहूम अब्बांच्या किंवा दादांच्या नावावर असेल तर ती सगळ्या वारसांची आहे. जो चालवतो त्याच्या एकट्याची ती होत नाही. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं असा नियम आहे. मुदत निघून गेली असेल तरी आरटीओत जाऊन विचारा. बहिणींचीही लेखी संमती घ्या. खर्च करण्याआधी हे झालं, तर पुढे घरात तंटा होत नाही.

शेवटी एक सांगतो. जुने उस्ताद हळूहळू कमी होत चाललेत आणि त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर गाडी त्यांच्याकडे नुसती टाकून येऊ नका. मुलाला, मुलीलाही सोबत न्या, शेजारी उभं करा, पाना हातात द्या. पहिलं काम गिअर ऑइलचं करा. दोन बोल्ट आणि पाव लिटर तेल लागतं, आणि बिघडण्यासारखं त्यात फार काही नाही.