तेविसाव्या ओळीतला आकडा

दिवाळखोरी म्हटली की डोळ्यासमोर कोर्ट येतं, काळा कोट येतो आणि खाली घातलेली मान येते. अमेरिकेत मात्र या अर्जाचा घाम काढणारा भाग स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरावा लागतो. किराणा किती, मुलांचे कपडे किती, केस कापायला किती, देवळात किती, वर्तमानपत्राला किती, हे सगळं तिथलं न्यायालय छापील फॉर्मवर विचारतं. मिळकतीचा फॉर्म म्हणजे शेड्यूल आय, खर्चाचा शेड्यूल जे. जे-च्या तेविसाव्या ओळीत एकातून दुसरं वजा करायचं. उरलेला आकडा फार बोलका असतो.

कारण पुढे दिवाळखोरी कायद्यातल्या दोन वाटा आहेत. चॅप्टर ७ मध्ये कायद्याने सुरक्षित ठेवलेल्या वस्तू सोडून बाकी मालमत्ता प्रकरण सांभाळायला नेमलेल्या ट्रस्टीच्या हाती जाते आणि कार्डांची, दवाखान्याची वगैरे कर्जं साधारण चार-सहा महिन्यांत माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता राहते, पण तीन ते पाच वर्षं दरमहा ठरलेली रक्कम ट्रस्टीकडे भरायची. शिल्लक भरपूर दिसली तर ट्रस्टी विचारणारच, की मग फेडत का नाही? शिल्लक उणे दिसली तर चॅप्टर १३ चा हप्ता भरणार कशातून, हा प्रश्न. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी घरचं अंदाजपत्रक खरं करून ठेवणं हे अर्ध्याहून अधिक काम आहे. खरं म्हणजे काटकसरीचं नव्हे. आपली माणसं नेमकी इथे चुकतात.

एक घर धरून चालू. घर काल्पनिक आहे, आकडे मी घातलेत, पण चुका नेहमीच्या आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं मराठी कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं. नवऱ्याची कंत्राटी नोकरी गेली, बऱ्याच महिन्यांनी कमी पगाराची मिळाली. मधल्या काळात कार्डांवर घर चाललं, त्यात धाकट्याचा दवाखाना. एकूण देणं ६८,००० डॉलर. एका रात्री दोघांनी वहीत हिशेब मांडला. मिळकत ५,८६०, खर्च ४,५५३, शिल्लक १,३०७. आणि मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले, कारण खात्यात महिनाअखेर कधी शंभर डॉलरही उरत नव्हते.

आधी मिळकत बघू. नवऱ्याचा हातात येणारा पगार दर दोन आठवड्यांनी २,१५०. त्यांनी दुप्पट करून ४,३०० लिहिले. पण दोन आठवड्यांनी येणारा पगार वर्षात चोवीस वेळा येत नाही, सव्वीस वेळा येतो. २,१५० गुणिले २६ भागिले १२ केलं की ४,६५८ होतात. बायकोला शाळेतल्या कामाचे आठवड्याला ३९० मिळतात. तिने चारने गुणून १,५६० धरले. बावन्नने गुणून बाराने भागले तर १,६९०. म्हणजे खरी मिळकत ६,३४८, वहीपेक्षा ४८८ डॉलर जास्त. हे कुणी लबाडीने लपवलेलं नव्हतं. पण ट्रस्टीच्या टेबलावर अर्जाआधीच्या साठ दिवसांच्या पगारपत्रकांचा गठ्ठा असतो आणि हा गुणाकार त्याच्या रोजच्या सवयीचा असतो.

घरात भाचा राहत असेल आणि दरमहा चारशे डॉलर हातावर ठेवत असेल, तर तेही मिळकतीत येतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं येत असेल, तर तेही. नवरा-बायको मिळून अर्ज करू शकतात. एकट्यानेच केला तरी एकत्र राहणाऱ्या जोडीदाराची मिळकत शेड्यूल आय-मध्ये दाखवावीच लागते, कारण चूल एकच आहे.

शेड्यूल आय-शी जिची गल्लत होते ती मीन्स टेस्ट. २००५ साली कायद्यात बदल करून ती आणली गेली. तिच्यात अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांची करापूर्वीची मिळकत घेतात, तिची सरासरी काढून बाराने गुणतात आणि त्या राज्यात तेवढ्या माणसांच्या कुटुंबाची जी मध्यम मिळकत असते, तिच्याशी ताडून बघतात. खाली असाल तर चॅप्टर ७ ची वाट बरीच मोकळी. वर असाल तर दुसरा, लांबलचक फॉर्म, ज्यात बऱ्याच खर्चांना तुमचे आकडे चालत नाहीत, सरकारी करखात्याने ठरवलेले चालतात. मीन्स टेस्ट मागे बघते, शेड्यूल आय आणि जे पुढे बघतात. आमच्या घरातल्या नवऱ्याला जुन्या कंपनीकडून निरोपाची मोठी रक्कम मिळाली असती आणि ती या सहा महिन्यांत पडली असती, तर सरासरी फुगली असती. पुरेसे महिने थांबून अर्ज केला की ती या सहा महिन्यांच्या खिडकीबाहेर जाते. वकील तारीख पुढे ढकलतो तेव्हा बहुधा हाच हिशेब त्याच्या मनात असतो.

आता खर्च. इथे थोडं रेंगाळू, कारण खरी गोम इथेच आहे.

त्या वहीत किराणा लिहिला होता ५००. कशावरून? तर 'एवढाच व्हायला हवा' म्हणून. सहा महिन्यांची बँकेची आणि कार्डांची पत्रकं छापून जमिनीवर पसरली, किराण्याच्या प्रत्येक ओळीवर पिवळा मार्कर फिरवला आणि बेरीज करून सहाने भागली, तर आली १,०९०. भारतीय दुकानातली कणीक-डाळ आहे, घाऊक दुकानातलं दूध आणि टिश्यूचे गठ्ठे आहेत, थकून आल्यावर आणलेला पिझ्झा आहे. एटीएममधून अधूनमधून काढलेल्या चाळीस-साठ डॉलरना मात्र मार्कर लागत नाही. ते कुठे गेले हे आठवत नाही. त्याला उपाय एकच. पुढचा महिनाभर फ्रिजवर कागद चिकटवायचा आणि रोखीचा प्रत्येक खर्च तिथल्या तिथे लिहायचा. न्हावी, शाळेची सहल, देवळातली पेटी, रविवारचे वडापाव.

मग वर्षाकाठी येणारे खर्च. गॅसचं बिल त्यांनी जुलैचं धरलं होतं, ३५ डॉलर. न्यू जर्सीच्या जानेवारीत हीटर रात्रंदिवस चालतो. बारा महिन्यांची बिलं मिळून १,६४४, म्हणजे महिन्याला १३७. गाडीचा विमा तर वहीत नव्हताच, कारण तो सहा महिन्यांनी एकदा १,०२० भरायचा आणि मध्ये विसरायचा. महिन्याला पडतात १७०. तेल बदलणं, टायर, ब्रेक हे पेट्रोलच्याच ओळीत जातं; गाडीचा हप्ता मात्र वेगळ्या ओळीत. तो चुकून दोन्हीकडे लिहिला गेला की ट्रस्टीचं पेन थांबलंच.

कपडे, केस कापणं, करमणूक. या ओळींवर आपली माणसं शून्य टाकून मोकळी होतात. दिवाळं काढायला निघालोय आणि सिनेमाचे पैसे कसे लिहायचे, ही लाज मला समजते. पण बाळबोध गोष्ट अशी की दहा वर्षांच्या मुलाचे बूट दर सहा महिन्यांनी लहान होतात आणि हे ट्रस्टीलाही माहीत असतं. शून्य पाहून तो कौतुक करत नाही, बाकीच्या आकड्यांवरही शंका घेतो. फॉर्मवर करमणुकीची ओळ आहे, देणगीची आहे, कारण माणूस त्यावाचून राहत नाही हे फॉर्म करणाऱ्यांनी धरलेलंच आहे. उलट टोकही चालत नाही. क्लबची वर्गणी आणि दर आठवड्याचं हॉटेल लिहून चॅप्टर ७ मागायला गेलात तर प्रश्न येणारच.

आणि आई-बाबांना पाठवायचे पैसे. दरमहा २०० डॉलर साताऱ्याला जात होते आणि ते वहीत नव्हते. 'ते आमचं घरचं आहे' म्हणे. शेड्यूल जे-ची एकोणिसावी ओळ नेमकी यासाठीच आहे, सोबत न राहणाऱ्यांना तुम्ही देता त्या आधारासाठी. पैसे दरमहा जात होते हे दाखवणाऱ्या पावत्या हव्यात आणि रक्कम पेलणारी हवी, एवढंच. न लिहिता पाठवत राहिलात, तर जे पैसे कागदावर शिल्लक दिसतात ते खात्यात नसतात.

कार्डांचे हप्ते कुठल्या ओळीत लिहायचे, असं बायकोने विचारलं. कुठल्याच नाही. जी कर्जं माफ व्हावीत म्हणून अर्ज करायचा, त्यांचे हप्ते या पत्रकात नसतात. हे अर्जानंतरच्या घराचं अंदाजपत्रक आहे. अर्ज दाखल होताच वसुलीला स्थगिती मिळते, फोन थांबतात. मुलांची पोटगी, अलीकडचे बरेचसे कर आणि बहुतेक शैक्षणिक कर्जं मात्र उरतात, ती डोक्यात ठेवून आकडे मांडायचे.

सगळ्या दुरुस्त्यांनंतर खर्च झाला ६,१९५ आणि शिल्लक १५३. पहिल्या वहीतले १,३०७ साठ महिने भरले असते तर ७८,४२० होतात, सगळं देणं फिटून वर दहा हजार. म्हणजे पोटाला चिमटा घेतल्याचं दाखवण्याच्या नादात या घराने स्वतःविरुद्धच साक्ष दिली असती. त्याहून वाईट म्हणजे, त्या आकड्यावर चॅप्टर १३ ची योजना मंजूर झाली असती तर पहिल्याच हिवाळ्यात गॅसच्या बिलाने ती मोडली असती.

अंदाजपत्रक करताना हात शिवशिवतात ते आवरायचे. मेव्हण्याकडून घेतलेले पाच हजार 'निदान त्याचे तरी' म्हणून आधी परत करायचे नाहीत. नातलगांना अर्जाआधी वर्षभरात केलेली अशी परतफेड ट्रस्टी त्यांच्याकडून मागून घेऊ शकतो. दागिने वहिनीकडे ठेवायला द्यायचे नाहीत, फ्लॅट भावाच्या नावावर करायचा नाही. निवृत्तीसाठीच्या ४०१(के) मधून पैसे काढून कार्डं भरायची नाहीत, कारण तो पैसा बहुतेक वेळा सुरक्षितच असतो. आणि भारतातलं काहीही लपवायचं नाही. मालमत्तेची यादी जगभरची मागतात. वडिलोपार्जित घरातला हिस्सा, पीपीएफ, लॉकरमधलं सोनं, भिशीत अडकलेले पैसे, सगळं त्यात येतं.

बाकीचं यंत्रवत आहे. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून पतसल्ला घ्यावा लागतो, फोनवर किंवा ऑनलाइन, आणि तो सल्लागारही आधी अंदाजपत्रकच विचारतो. चॅप्टर ७ ची न्यायालयीन फी ३३८ डॉलर, १३ ची ३१३. हप्त्याने भरता येते, मिळकत फारच कमी असेल तर ७ ची माफही होऊ शकते. अर्जानंतर ट्रस्टीसमोर शपथेवर एक बैठक होते, आता बहुधा व्हिडिओवर. कर्जमाफी मिळण्याआधी आर्थिक शिस्तीचा आणखी एक छोटा अभ्यासक्रम असतो. नागरिकत्वाची अट नाही. अमेरिकेत राहणारा व्हिसावरचा माणूसही अर्ज करू शकतो.

आपल्याकडे हे असं का नाही, असं इथला वाचक विचारेल. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून सर्वसामान्य कर्जदाराला लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो १ डिसेंबर २०१९ पासून सुरू आहे. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा कायदा आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा नादारीचा कायदा. तिथे मीन्स टेस्ट नाही आणि शेड्यूल जे-ही नाही.

एडिसनच्या टेबलावर शेवटी एक ओळ उरली होती, चोविसावी. येत्या वर्षात खर्चात काही वाढ-घट होईल का? बायकोने लिहिलं, धाकटा सप्टेंबरपासून थोरल्याबरोबर घरी येईल, शाळेनंतरच्या सांभाळण्याचे ४२० वाचतील. नवऱ्याने खाली जोडलं, गाडीला एक लाख चाळीस हजार मैल झालेत, गिअरबॉक्स आवाज करतोय. वकिलाने दोन्ही वाक्यं तशीच ठेवली आणि गॅरेजमधून दुरुस्तीचा लेखी अंदाज आणायला सांगितला. तो येईपर्यंत सहीची जागा कोरीच होती.