लढाऊ माशाचे अन्न

जैनथला आमच्या घरी काचेच्या बरणीत एक बेट्टा मासा होता. दुकानदार यास ‘फायटर’ म्हणतात. मुले प्रेमाने भाताची शिते, पोळीचा चुरा घालीत, आम्ही कौतुकाने पाहत असू. आठवड्यात पाणी नासले व मासा गेला. चूक आमचीच.

मूळचा थायलंडकडचा हा मासा कीटकभक्षी. तोंड वर वळलेले, म्हणून पृष्ठभागावरचे भक्ष्य टिपतो. डासांच्या अळ्या त्यास उत्तम. मात्र त्या गटारातल्या वा औषध फवारलेल्या पाण्यातल्या नसाव्यात. लगेच संपतील इतक्याच घालाव्या, नाहीतर घरात डास! अळ्या नसल्यास बेट्टासाठीचे तयार बारीक दाणे, सकाळी २-३ व सायंकाळी तितकेच. पोट फार लहान असते. उरलेले दाणे काढून टाकावेत.

आता दुसरा मासा आणला आहे. बरणी जेवणाच्या जागेपासून दूर ठेवली आहे.