अंतर्गळ : अडकलेले आतडे आणि उसाचा हंगाम (लेखांक ५)

पोटाच्या भिंतीतील स्नायू आणि त्यांवरील चिवट पडदे जेथे जन्मतः किंवा वयोमानाने दुबळे असतात, अथवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण जेथे नीट भरून आलेला नसतो, तेथून आतडे किंवा आतड्यावरील चरबीची झालर बाहेर डोकावू लागते. यालाच अंतर्गळ किंवा हर्निया म्हणतात. खोकताना, वजन उचलताना गाठ वर येते आणि आडवे झाले की आत जाते, म्हणून रुग्ण तिच्यासह वर्षानुवर्षे काढतो. जांघेतील अंतर्गळ बहुतांशी पुरुषांत आढळतो. त्याच्या किंचित खाली, मांडीच्या मुळाशी होणारा प्रकार मात्र स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो आणि त्याची गाठ लहान असली तरी वाट अरुंद असल्यामुळे तोच अधिक अडकतो.

बीड जिल्ह्यात या विकाराचा विचार ऊसतोडीला वगळून होऊ शकत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, दिवसभर ऊस तोडतात आणि तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात. केवळ ओझे उचलल्याने अंतर्गळ होतोच असे नाही. पण भिंत आधीच दुबळी असेल, तर पोटातील वाढता दाब तिची परीक्षा रोज पाहतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात, तेव्हा दुखत नसलेल्या गाठीची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षावर ढकलली जाणे यात अडाणीपणापेक्षा हिशेबच जास्त आहे. याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पोट उघडून झालेल्या अशा शस्त्रक्रियेच्या व्रणातूनही पुढे अंतर्गळ होऊ शकतो, ही त्या प्रश्नाची फारशी न बोलली गेलेली बाजू आहे.

गाठ आत जाईनाशी झाली की विकाराचे स्वरूप पालटते. अरुंद तोंडात आवळलेल्या आतड्याच्या वेढ्यातून अन्नरस व वायू पुढे सरकत नाहीत, म्हणून पोट फुगते, कळा येतात, शौच व वारा दोन्ही बंद होतात आणि उलट्या आधी पित्ताच्या, मग घाण वासाच्या होऊ लागतात. त्यातच पातळ भिंतीच्या नीला आधी दबतात. रक्त आत येत राहते पण परत जाऊ शकत नाही, आतडे सुजते, आणि ती सूज अखेर धमन्यांचाही प्रवाह थांबवते. रक्त तुटलेले आतडे काही तासांतच मरू लागते, त्याच्या भिंतीतून जंतू झिरपतात आणि पोटाच्या अस्तराचा दाह व रक्तातील जंतुसंसर्ग सुरू होतो. आतड्याची एकच कड चिमटलेली असेल तर शौच चालू राहते आणि निदान हुकते. जर्मन शल्यविशारद रिश्टर यांचे नाव या प्रकाराला आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी नाकातून नळी घालून जठर रिकामे केले जाते, शिरेतून क्षार-पाणी व प्रतिजैविके दिली जातात. गाठीची पिशवी उघडल्यावर शल्यविशारद आवळलेले तोंड लगेच कापत नाही. आधी वेढा हाती धरतो, कारण तो पाहण्याआधीच आत निसटला तर मेलेला भाग पोटात राहून जातो. तोंड सैल केल्यावर काळसर वेढ्यावर कोमट क्षारजलात भिजवलेले कापड ठेवून काही मिनिटे थांबतात. रंग गुलाबी झाला, चकाकी परतली, धमनीचे ठोके लागले आणि चिमटीने स्पर्श करताच आतडे आकसले, तर ते आत सोडतात. अन्यथा तेवढा भाग कापून दोन्ही टोके जोडतात. रुग्ण फारच खालावलेला असेल तर टोक तात्पुरते पोटावर आणून ठेवले जाते. थांबण्याची ही काही मिनिटे या शस्त्रक्रियेतील सर्वांत कसोटीची असतात.

एरवी दुबळ्या भिंतीला आधार म्हणून कृत्रिम धाग्यांची जाळी शिवली जाते. मेलेल्या आतड्यामुळे जागा दूषित झाली असेल तर ती सहसा टाळतात, म्हणजे घाईच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला अनेकदा पक्क्या दुरुस्तीलाही मुकावे लागते. महागड्या जाळीचा प्रश्न मात्र महाराष्ट्रातच एका ग्रामीण शल्यविशारदाने सोडवून दाखवला. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि अनेक केंद्रांतील 359 अंतर्गळांवरील अनुभव 2003 मध्ये प्रसिद्ध केला. 2016 मध्ये युगांडातील चाचणीतही अशी स्वस्त जाळी वर्षभरात महागड्या जाळीच्या तोडीची ठरली.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय हे बीड जिल्ह्यातील मोठे सरकारी आधार आहेत. आष्टी-पाटोद्याकडील रुग्णाला अहिल्यानगर जवळ पडते. नियोजित शस्त्रक्रियेसाठी हंगाम संपल्यानंतरचे, एप्रिल ते जूनचे दिवस योग्य, कारण शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलता येत नाही आणि पुढच्या तोडीपूर्वी टाके पक्के होतात. गाठ टणक व दुखरी झाली, आत जाईना, उलटी झाली, तर ती चोळू किंवा दाबू नये, काही खाऊ-पिऊ नये, फडात असो वा घरी, 108 क्रमांकावर फोन करून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.