संगणकाचा ताप आणि हवेची वाट

लोणावळ्याची हवा थंड, हे सर्वश्रुत आहे. असे असता मावळातील एखाद्या शाळेचा संगणक अर्ध्या तासात तापावा आणि पाठ रंगात आला असताना पडदा एकाएकी काळा व्हावा, याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. मग यंत्र बिघडले असे समजून त्यावर आच्छादन पडते व ते कोपऱ्यात जाते. ज्या मुलांना शाळेबाहेर संगणक पाहावयास मिळत नाही, त्यांचे यात मोठे नुकसान होते. वस्तुतः पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. त्याची हवेची वाट बुजलेली असते.

संगणकातील प्रोसेसर ही नखाएवढी चकती असते. पूर्ण काम चालू असता ती जुन्या पद्धतीच्या साठ वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सहज निर्माण करते. ही उष्णता तिच्यावर बसविलेल्या धातूच्या पात्यांत, म्हणजे हीट सिंकमध्ये जाते. पंखा ती हवेत सोडतो. आणि ती तापलेली हवा कॅबिनेटबाहेर जावी लागते. यांपैकी एक जरी दुवा तुटला तरी उष्णता साचते. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो व शेवटी स्वतःच्या रक्षणार्थ यंत्र बंद पाडतो. धुराडे बुजले की चुलीचा धूर घरात कोंडतो, तसाच हा प्रकार होय. बाहेरची हवा कितीही थंड असली तरी ती आत शिरलीच नाही, तर तिचा उपयोग काय?

मावळात ही वाट दोन ऋतूंत दोन प्रकारे बुजते. उन्हाळ्यात रस्त्यांची धूळ उडते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची बारीक राख खोल्यांत येते. पुढे पावसाळा सुरू होतो. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेत साचलेली धूळ ओलसर होऊन पात्यांवर नमद्यासारखी चिकटते. खिडक्याही बंद असतात. त्यातच चोरीच्या भीतीने यंत्र लोखंडी कपाटात ठेवून चालविले, तर ते आपलीच तापलेली हवा पुनःपुन्हा आत ओढते.

उपाय पुढील क्रमाने करावेत.

१. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून उंच ठेवावे. चालू असता त्यावर कापड किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवू नये. यास खर्च काहीच नाही.

२. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास ते उघडू नये. पुरवठादारास लेखी कळवावे. अन्यथा ते बंद करून, वीजजोडणी काढून, बाजूचे झाकण उघडावे. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ सैल करावी व ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ओले फडके वापरू नये. एसएमपीएसची पेटी कदापि उघडू नये. जोडणी काढल्यावरही तीत विद्युतभार राहू शकतो.

३. तरीही यंत्र तापत असेल, तर झाकण काढून टेबलपंख्याचा वारा थोडा वेळ आत सोडून पाहावा. मात्र आतील भागास हात लावू नये. त्याने ताप उतरला तर हवेची वाट अपुरी आहे असे समजावे. न उतरल्यास हीट सिंकवरील पंखा फिरतो की नाही ते पाहावे. फिरत असेल, तर प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असण्याचा संभव असून ती जाणत्याकडून बदलून घ्यावी. झाकण कायमचे काढून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने धूळ व पाली आत शिरतात.

४. वाट अपुरी ठरल्यासच पंखा विकत घ्यावा. मागील छिद्रांचे माप घेऊन ८० किंवा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणावा; तो काही शे रुपयांत मिळतो. पुढून खालच्या बाजूने थंड हवा आत यावी आणि मागून वरच्या बाजूने तापलेली हवा बाहेर जावी, अशी योजना असावी. दोन्ही पंखे हवा आतच ढकलत असतील, तर तापलेल्या हवेस बाहेर पडण्यास नीट वाट राहत नाही. पतंगाच्या कागदाची पट्टी छिद्रांसमोर धरल्यास वाऱ्याची दिशा कळते. हा प्रयोग मुलांकडून अवश्य करवून घ्यावा. उष्णतेचे वहन व अभिसरण त्यांना डोळ्यांनी दिसेल.

पावसाळ्यात एक गोष्ट उलटी लक्षात ठेवावी. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहिल्यास ओल धरते. म्हणून आठवड्यातून दोनतीनदा तरी ते अर्धा तास चालवावे. त्याची स्वतःची ऊब ओल दूर ठेवते. यंत्र निवल्यावरच त्यावर सुती आच्छादन घालावे, प्लॅस्टिकचे नको.

सफाई वर्षातून दोनदा ठरवून करणे इष्ट आहे : एकदा राबाची भाजणी आटोपल्यावर, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा भाताची मळणी संपल्यावर. दोन्ही तारखा जडवस्तू नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे बदलून येणाऱ्या शिक्षकासही त्या समजतील.