काउगर्ल, धनगरीण आणि 'मालक' हा शब्द

पश्चिम अमेरिकेतल्या काउगर्लवर बोला, असं आयोजकांनी सुचवलं तेव्हा आम्हांला जरा हसू आलं. सोलापुरात बसून काउगर्लचं काय करायचं? पण थोडा विचार केल्यावर वाटलं, विषय आपल्या शेतातलाच आहे.

काउगर्ल म्हणजे आपल्या भाषेत गुराखीण. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेची वस्ती पश्चिमेकडे सरकत गेली, त्यात बायका होत्या. १८६२ साली तिथं होमस्टेड कायदा झाला. पाच वर्षं जमिनीवर राहा, ती कसा, १६० एकर तुमच्या नावावर होईल. अविवाहित बाईला, विधवेलासुद्धा हा अर्ज करता येई. लग्न झालेलीला मात्र सहसा नाही, कारण कुटुंबाचा प्रमुख नवरा! १८६९ साली वायोमिंग प्रांतानं स्त्रियांना मताचा हक्क दिला. साऱ्या देशात तो घटनेत यायला १९२० साल उजाडलं. मेरी फील्ड्स नावाची बाई गुलामगिरीत जन्मली होती. तिनं साठी ओलांडल्यावर, १८९५ साली, माँटानात टपाल वाहून नेण्याचं कंत्राट घेतलं आणि घोडागाडी हाकत ते काम वर्षानुवर्षं केलं. हे सगळं गौरवानं सांगावं असंच आहे.

फक्त एक गोष्ट विसरायची नाही. ती जमीन रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांकडून ती घेतलेली होती. त्यांच्यातही बायका होत्या, आणि त्यांना कुणी 'पायोनियर' म्हटलं नाही.

आता बघा, जगाला काउगर्ल माहीत झाली ती कशामुळे? गुरं राखण्यामुळे नव्हे, तर खेळामुळे. अ‍ॅनी ओकली ही नेमबाज बाई ओहायोत जन्मली. म्हणजे ती त्या पश्चिमेची नव्हेच. १८८५ साली ती बफेलो बिलच्या खेळात दाखल झाली आणि पश्चिमेचा चेहरा होऊन बसली. लूसिल मुल्हॉल मात्र ओक्लाहोमात वडिलांच्या रँचवर वाढलेली, दोर टाकून बैल पाडण्यात पुरुषांच्या बरोबरीची. पण तीही गाजली ती प्रेक्षकांपुढेच. आज टेक्सासमध्ये फोर्ट वर्थला काउगर्लचं मोठं संग्रहालय आहे. १९७५ साली हेरफर्ड गावी त्याची सुरुवात झाली. तिथल्या लोकांनी निदान एक शब्द घडवला आणि त्या शब्दाला घर दिलं, हे मान्य करायला हवं.

आपल्याकडे काय आहे? चौंडीच्या पाटलाची मुलगी अहिल्या, जन्म १७२५. नवरा १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला. पुढं सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, तोफखान्याच्या कूचाबद्दल सुनेला पत्रं लिहिली. सासऱ्यांच्या आणि मुलाच्या मृत्यूनंतर १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं. आपल्या विद्यापीठाला २०१९ साली त्यांचं नाव मिळालं, याचा आम्हांला आनंद आहे. पण आमचा प्रश्न निराळा आहे. धनगराच्या घरातली राणी आपल्याला माहीत आहे. धनगराच्या वाड्यातली बाई माहीत आहे का?

वाडा म्हणजे दगडी वाडा नव्हे, बरं का! मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या चार-सहा बिऱ्हाडांचा तळ म्हणजे वाडा. पावसाळा संपला की हे लोक निघतात. कुणी कोकणाकडे, कुणी दुसऱ्या मुलखात. सकाळी पुरुष कळप घेऊन चरायला जातात. मागं बाई राहते. भांडी, धान्य, अंथरुणं, कोंबड्या, परवा जन्मलेली कोकरं, कधी रांगतं पोर, हे सगळं ती घोड्यावर लादते आणि लगाम धरून पुढच्या मुक्कामाला चालू लागते. संध्याकाळी कळप येतो तेव्हा चूल पेटलेली असते, पाणी भरलेलं असतं. रात्री मेंढ्या शेतात बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं, त्याबदली धान्य किंवा पैसे मिळतात. आजारी मेंढी ओळखणं, कोकराला आईला लावणं, लोकर कातणं, ही सगळी कामं तिची. काउगर्लपेक्षा हे काम कुठं कमी आहे? पण 'मेंढपाळ' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुरुष उभा राहतो. 'धनगरीण' शब्द आहे, पण तो जात सांगतो, काम सांगत नाही.

यात आमचाही दोष आहे. १९७२च्या दुष्काळात आम्ही काही विद्यार्थी एका गावात जनावरांची यादी करत होतो. माळावर एक वाडा उतरला होता. पुरुष कुणी नव्हतं. एका बाईनं आम्हांला सगळा हिशेब तोंडी सांगितला. मेंढ्या किती, गाभण किती, वाटेत मेल्या किती. कागद नाही, बोटं मोजणं नाही. मग आम्ही विचारलं, "मेंढ्या कुणाच्या?" ती म्हणाली, "मालकाच्या." आम्ही मालकाचं नाव विचारलं. तिनं शेजारच्या पोराला खूण केली, कारण नवऱ्याचं नाव ती घेत नव्हती. पोरानं सांगितलं, ते आम्ही लिहिलं आणि पुढं निघालो.

पुढं तीस वर्षं आम्ही वर्गात तर्कशास्त्र शिकवलं. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि युक्तिवादात आपण नकळत एकावरून दुसऱ्यावर घसरतो, हा दोष फळ्यावर कितीदा तरी लिहिला. आणि आम्हीच घसरलो होतो. तिच्या बोलीत मालक म्हणजे नवरा. आमच्या रकान्यात मालक म्हणजे ज्याची मिळकत तो. तिनं नात्याचं उत्तर दिलं, आम्ही हक्काची नोंद केली. होमस्टेड कायद्यानं लग्न झालेल्या बाईला जिथं अडवलं, तिथंच आम्ही तिला अडवलं. फरक इतकाच, की आम्हांला कायद्याचीही गरज पडली नाही.

आणि ज्या बाईनं सगळा हिशेब सांगितला, तिचं नाव आम्ही विचारलंच नाही. आज गौरव करायचा म्हटलं तरी कुणाचा करणार?

तुमच्यापैकी अनेकांची शेती आहे. यंदा सुगीनंतर रानात मेंढ्या बसतील. ठरलेले पैसे देताना समोरच्या बाईला तिचं नाव विचारा, आणि ती मेंढ्यांबद्दल काय सांगते ते ऐका. तुमच्यातले जे शिक्षक आहेत, यादी करणारे आहेत, त्यांनी 'मालक' ऐकल्यावर लगेच लिहू नये. 'रोज सांभाळतं कोण?' असं आणखी एकदा विचारावं.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.